समुपदेशकाकडे जायचंय? ‘गेस्टाल्ट थेरपी’त काय होतं ते आधी समजून घ्या



उधारीवर आपण नेहमी बोलतो. आज मनातल्या थकबाकीवर बोलू. भागीदारी मोडली, दुकानं वेगळी झाली, पण राग तसाच आहे. ‘नोकरीच बरी होती’ हे वडिलांचं वाक्य अजून टोचतंय. आणि म्हणून नवा धंदा सुरू करायला पाऊल उचलत नाही. असं अडकल्यावर काही जण समुपदेशकाकडे जातात आणि ‘त्यांनी काही सांगितलंच नाही’ म्हणून एका भेटीतच सोडून देतात. अपेक्षा चुकली की असं होतं.

गेस्टाल्ट म्हणजे काय?
जर्मन शब्द आहे, अर्थ ‘पूर्ण आकृती’. फ्रिट्झ आणि लॉरा पर्ल्स या दांपत्याने ही पद्धत उभी केली. तिचं मूळ पुस्तक 1951 मध्ये अमेरिकेत आलं. मनात अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींना या पद्धतीत ‘अनफिनिश्ड बिझनेस’च म्हणतात. आपल्या भाषेत, न मिटलेलं खातं!

तिथे काय होईल?
1. तयार सल्ला मिळणार नाही. ‘दुकान लातूरला टाकू की नांदेडला?’ याचं उत्तर तिथे नाही.
2. ‘आत्ता काय वाटतंय?’ हे वारंवार विचारतील. बोलताना मूठ आवळली, आवाज बसला, तर तेही दाखवून देतील.
3. कधी समोर रिकामी खुर्ची ठेवतील. तिथे भागीदार बसलाय असं समजून बोला म्हणतील. सुरुवातीला विचित्र वाटतं. नको असेल तर ‘नको’ म्हणा.
4. रडू येऊ शकतं. एखाद्या भेटीनंतर जास्त जड वाटू शकतं. त्या दिवशी मोठा व्यवहार ठेवू नका.

आधी काय विचारायचं?
माल घेण्याआधी चौकशी करतो ना, तशीच इथेही करा. शिक्षण काय? गेस्टाल्टचं प्रशिक्षण कुठे घेतलं? फी किती, साधारण किती भेटी? माझं बोलणं गुप्त राहील का, आणि कोणत्या वेळी राहणार नाही? जवळपास कोणी मिळालं नाही, तर ऑनलाइन भेटीचंही विचारा.

थांबा, हे आधी!
झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ‘टेलि-मानस’चा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. घरच्या एका माणसाला सांगा, एकट्याने सोसू नका.

एक लक्षात ठेवा, थेरपीने हप्ता फिटत नाही. तो धंद्यातूनच फेडायचाय. पण बँकेच्या माणसाचा फोन उचलायची, भागीदारासमोर बसून हिशोब करायची ताकद त्यातून येऊ शकते.

तुमचं कोणतं खातं मिटायचं राहिलंय? आज रात्री वहीत एका ओळीत लिहा. पहिल्या भेटीला तीच ओळ घेऊन जा.