कोरड्या रानातून ढगांच्या माथ्यावर

मुलांच्या चुलत बहिणीने कुठेतरी पाहिले होते, की अमेरिकेत पाम स्प्रिंग्जच्या वाळवंटात रोपवेत बसले की काही मिनिटांत बर्फाच्या डोंगरावर पोहोचता येते. तेव्हापासून घरात एकच हट्ट होता. बर्फ काही आपल्याकडे नाही. पण एका दिवसात कोरड्यातून ओल्यात जायचे, तर त्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर फार लांब जावे लागत नाही.

ऑगस्टमधली सुट्टी जोडून आम्ही सिन्नरच्या पूर्वेला, मुलांच्या दादीकडे गेलो होतो. चाचांनी जूनअखेर मका पेरला होता. पाऊस आला तो दोनदा, तोही धूळ बसवण्यापुरता. वाडीला टँकर सुरूच होता. चाचा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन पश्चिमेकडे बघत. “ढग येतात, सलाम करतात, पुढे जातात,” असे म्हणत. दुबार पेरणीचे बियाणे आणायचे की थांबायचे, हे त्यांचे ठरत नव्हते. त्यामुळे ते आमच्याबरोबर आले नाहीत.

फजरची नमाज झाली आणि आम्ही निघालो. डब्यात भाकरी, सुकी चटणी, उकडलेली अंडी. सिन्नर सोडून घोटीकडे निघालो तशी बांधावरची बाभूळ मागे पडली, भाताची खाचरे लागली आणि गाडीचे वायपर सुरू झाले. धाकट्याने विचारले, “इथे पडतो, मग चाचांकडे का नाही?”

अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच बरसतात. डोंगर ओलांडून खाली उतरताना तीच हवा तापते, कोरडी होते. म्हणून इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि सिन्नरच्या पूर्वेला त्याचा लहानसा हिस्सा. पाम स्प्रिंग्जचे वाळवंटही असेच डोंगराच्या पाठीमागचे. शाळेत पर्जन्यछायेचा धडा आम्ही कितीदा शिकवला असेल. गाडीच्या काचेतून तो मुलांना पाच मिनिटांत कळला.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट चढते. दादींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या गावातच एका घराच्या ओसरीवर बसल्या. वाट चिखलाची, कातळ निसरडा, आणि मध्ये लोखंडी शिड्या. रविवारी पावसाळ्यात शिड्यांवर इतकी गर्दी असते, की मुले बरोबर असतील तर शक्यतो दुसरा वार निवडावा. चपला नकोतच. थोरलीचा पाय दोनदा घसरला. दुसऱ्यांदा आम्हीही घाबरलो.

माथ्यावर देवीचे छोटे मंदिर आणि चहूकडे नुसते पांढरे. मुले कुडकुडत होती. ढग क्षणभर फाटला तेव्हा खाली भंडारदऱ्याचे पाणी चमकले. १९२६ साली पुरे झालेल्या विल्सन धरणाचे ते पाणी, प्रवरेने पूर्वेकडे जाणारे. पूर्वेकडे, पण चाचांच्या रानाला न शिवता. तिथून फोन लागला. “पडला का?” “नाही. वारा सुटलाय.”

तीनच्या सुमारास खाली उतरलो. ओसरीजवळच्या पाइपातून झऱ्याचे पाणी अखंड वाहत होते. मुले त्याखाली हात धरून खिदळत होती. दादींनी मात्र घरमालकिणीकडून तांब्या मागून घेतला, तो भरला आणि तेवढ्यातच वुजू केला. “अहो आजी, पाणी वाहूनच चाललंय,” ती बाई म्हणाली. दादी म्हणाल्या, “हाताला सवय नाही गं.” त्याच ओसरीवर आम्ही जुहरची नमाज अदा केली.

परतताना सिन्नरपुढे वायपर बंद केले. इशाच्या वेळी घरी पोहोचलो, तोवर कपडे अंगावरच वाळले होते. अंगणात चाचा बसलेले. मुलांच्या बुटांना लागलेला काळा चिखल त्यांनी नखाने काढून बोटांत चुरून बघितला. मग म्हणाले, “शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर मका मोडून हरभऱ्याची वाट धरू.”