लांबचा प्रवास आणि आरामशीर गाडी

जावळी तालुक्यातील कितीतरी कुटुंबांचा एक पाय गावी, तर दुसरा मुंबईत असतो. मेढ्याहून साताऱ्यापर्यंत पंचवीसेक किलोमीटर, पुढे महामार्गाने खंबाटकी घाट, पुणे आणि मग मुंबई. एकूण अंतर पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. जत्रा, लग्नकार्य, शेतीची कामे यांसाठी ही खेप वर्षातून अनेकदा होते. अशा घरी मोटार घ्यायची ठरली, की पहिला प्रश्न येतो तो ‘गाडी आरामशीर आहे ना?’ हा. मग दुकानात जाऊन आपण गादी दाबून पाहतो आणि ‘छान मऊ आहे’ असा निर्वाळा देऊन मोकळे होतो.

पण पाच मिनिटे मऊ वाटणारी बैठक पाच तासांनी पाठ का दुखवते? हा प्रश्न केवळ चैनीचा नाही. हादऱ्यांनी थकलेल्या चालकाचे लक्ष ढळते आणि गाडीतील सर्वांचाच जीव धोक्यात येतो. तेव्हा आराम म्हणजे काय, हे पदार्थविज्ञानालाच विचारू या.

शरीराला काय खुपते?

झोक्याला योग्य वेळी हलके हलके धक्के दिले, तर तो उंच जातो. झोक्याची स्वतःची एक लय असते आणि धक्के त्या लयीत आले, की हेलकावा वाढत जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. आपले शरीरही दगडासारखे एकसंध नसते. पोटातील अवयव, कणा, डोके हे सारे स्नायूंनी, जणू स्प्रिंगांनीच, एकमेकांना जोडलेले आहेत. बसलेल्या माणसाला सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा होणारी खाली-वर कंपने, म्हणजे ४ ते ८ हर्ट्झ वारंवारतेची कंपने, सर्वांत जास्त त्रास देतात.

याउलट सेकंदाला एक-दोन हेलकावे आपल्याला फारसे खुपत नाहीत. आपण चालताना सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो, म्हणून त्या लयीची शरीराला जन्मभराची सवय असते. हेलकावे त्याहूनही फार मंद, अर्ध्या हर्ट्झच्या खाली गेले, तर मात्र बोटीतल्यासारखी मळमळ सुरू होते. म्हणजे चांगल्या गाडीने रस्त्याचे ४ ते ८ हर्ट्झचे हादरे अडवावेत आणि स्वतः साधारण १ ते १.५ हर्ट्झने डोलावे.

स्प्रिंगचे सोपे गणित

गाडीचा सांगाडा चाकांवर स्प्रिंगांनी पेललेला असतो. वजनाने स्प्रिंग जितकी जास्त दबते, तितकी तिची लय संथ. याचे एक सुटसुटीत सूत्र आहे. स्प्रिंग वजनाने जितके सेंटिमीटर दबली असेल, त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि ५ला त्याने भागा. आलेले उत्तर म्हणजे वारंवारता. यातला ५ हा आकडा गुरुत्वत्वरणातून येतो: ९८१चे वर्गमूळ भागिले २π.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे पडताळून पाहा. स्प्रिंगला वजन टांगून ती १६ सेंटिमीटर ताणली जाईल असे करा. सूत्राप्रमाणे वारंवारता ५ ÷ ४ = १.२५ हर्ट्झ, म्हणजे १० आंदोलनांना सुमारे ८ सेकंद लागतील.

आता दोन गाड्या घ्या. एकीच्या स्प्रिंगा १६ सेंटिमीटर दबल्या आहेत, तर दुसरीच्या ४ सेंटिमीटर. दुसरीची वारंवारता २.५ हर्ट्झ येईल. रस्त्यावर दर चार मीटरांवर उंचवटा आहे आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे. धक्के सेकंदाला ५ येतील, नेमके शरीराला नको असलेले! अवमंदन सोडून हिशेब केला, तर दुसरी गाडी या हादऱ्याचा तिसरा हिस्सा आत पोहोचवते. पहिली मात्र केवळ पंधरावा.

मग स्प्रिंगा आणखी मऊ का करू नयेत? अर्ध्या हर्ट्झसाठी त्या १०० सेंटिमीटर दबाव्या लागतील. एवढी जागा आणायची कोठून? शिवाय मळमळ होईल ती वेगळीच.

तुम्हीच मोजा

सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीच्या चारही चाकांवरील पत्र्याची जमिनीपासूनची उंची मोजा. आत चार मोठी माणसे बसवा, गाडी थोडी हलवून स्थिर होऊ द्या आणि पुन्हा मोजा. समजा, २८० किलोग्रॅम वाढल्याने गाडी सरासरी ५ सेंटिमीटर दबली आणि माणसांसह स्प्रिंगांवरचे वजन ११२० किलोग्रॅम आहे. हे वजन २८०च्या चौपट, म्हणून एकूण दाब २० सेंटिमीटर. वारंवारता सुमारे १.१ हर्ट्झ. उत्तम!

मालवाहू गाडीचे पाटे भरल्या वजनासाठी जाड केलेले असतात. म्हणून रिकामा टेंपो दणके देतो आणि भरल्यावर तोच शांत होतो. वडापची जीप गच्च भरली, की कमी आदळते, त्याचेही कारण हेच.

शॉक अॅब्सॉर्बरचे काम

नुसत्या स्प्रिंगांवर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ नाचत राहील. शॉक अॅब्सॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. जुनी गाडी घेताना तिचा कोपरा जोराने दाबून सोडा. ती एकदा वर येऊन लगेच स्थिरावली पाहिजे. डोलतच राहिली, तर शॉक अॅब्सॉर्बर संपले आहेत असे समजा.

चाकांमधील अंतर

एसटीच्या मागच्या बाकावर डोके छताला का लागते? ते बाक मागच्या चाकांच्याही पलीकडे असते आणि तरफेच्या टोकाप्रमाणे जास्त उडते. दोन्ही चाकांच्या मधल्या जागा सुखाच्या. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर जास्त, तितके गाडीचे पुढे-मागे डुलणे कमी. तसेच उंचवट्यावर पुढचे चाक आधी चढते, मागचे क्षणभराने. १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मॉरिस ऑली या अभियंत्याने वजने हलवता येणाऱ्या गाडीवर प्रयोग करून दाखवले, की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या, तर मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि गाडी लवकर समतल होते. फ्रान्समध्ये १९४८ साली लोकांसमोर आलेल्या सित्रोएन टूसीव्ही गाडीसाठी तर अटच होती: नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली, तरी अंडे फुटता कामा नये!

बैठक आणि घाट

गादी अति मऊ असेल, तर कंबर आत रुतते आणि कण्याचा नैसर्गिक बाक मोडतो. कमरेला आधार, मांड्यांना पुरेशी लांबी आणि किंचित मागे कललेली पाठ हवी. म्हणून गाडीत निदान अर्धा तास बसून पाहा. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा. जास्त हवेने टायरच कडक होतो.

केळघर घाटात मात्र गाडीपेक्षा चालक महत्त्वाचा. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने बाजूला लागणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे भरते. वेग निम्मा केला, की ते चौथ्या हिश्श्यावर येते. उंच आणि फार मऊ गाडी अशा वळणावर कलते. पाच-सहा सेकंदांनी एकेक वळण आले, तर मळमळीची लय आपोआप जुळते. त्यावर उपाय एकच, वेग कमी करणे.

तेव्हा पुढच्या वेळी घरची मंडळी गाडी पाहायला निघाली, की तुम्हीही मोजपट्टी घेऊन जा. चारही चाकांशी उंची मोजा, कोपरा दाबून पाहा, चाकांमधील अंतर विचारा आणि सर्वांत वयस्कर माणसाला मागच्या बाकावर बसवून खडबडीत रस्त्यावरून फेरी मारायला सांगा. गादीचा मऊपणा सगळ्यांत शेवटी तपासा.