जुना पल्स इंडक्शन मेटल डिटेक्टर हाती आला, आता पुढे काय?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपल्या जुन्नर-आंबेगावात मेटल डिटेक्टरचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती फूट खालचं सोनं दाखवतं?" (हशा) उत्तर आधीच देऊन टाकतो. पल्स इंडक्शन जातीचं मशीन सोनं दाखवत नाही, तांबं दाखवत नाही, लोखंडही दाखवत नाही. ते एवढंच सांगतं, "इथं काहीतरी आहे." पुढचं सगळं तुमच्यावर. म्हणून जुनं मशीन विकत घेतलेल्या माणसाने सुरुवात कुठून करायची, ते आज बघू.

आधी ते चालतं कसं? देवळातली घंटा आठवा. टोल द्यायचा, हात काढून घ्यायचा आणि नाद विरेपर्यंत ऐकायचं. इथं टोल म्हणजे कॉइलच्या ताटलीत सोडलेला विजेचा छोटा, जोरदार झटका. तो एकदम तोडला की खालच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरतात आणि हळूहळू विरतात. मशीन झटका देताना काही ऐकत नाही. तो संपल्यावर दहा-पंधरा मायक्रोसेकंद थांबतं आणि मग त्या विरणाऱ्या प्रवाहाचा माग घेतं. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रोसेकंद. असं सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा चालू असतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. तांब्याचा जाड तुकडा किंवा लोखंडी पहार यांचा नाद लांबतो. बारीक वस्तूचा चटकन विरतो, मशीन ऐकायला लागेपर्यंत संपलेला असतो. खुरपताना मंगळसूत्र पडलं तर त्याची नाजूक साखळी मशीनला जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण प्रत्येक कडी वेगळी आणि इवलीशी. ऐकू आल्या तर वाट्या ऐकू येतील. जोडवं तोंडाशी उघडं असेल तर त्यात प्रवाहाला पूर्ण वेढा मिळत नाही, आवाज क्षीण येतो. अखंड अंगठी मात्र बरी बोलते.

आता जुन्या मशीनची तपासणी. माझाच अनुभव सांगतो. मी वापरलेलं मशीन आणलं आणि त्याच संध्याकाळी शेतात गेलो. आवाजच आवाज! सात खड्डे खणले, एकातही काही नाही. दोष जमिनीत नव्हता, ताटलीकडे जाणाऱ्या केबलमध्ये होता. म्हणून शेतात जायच्या आधी घरी चार गोष्टी करा.

पहिली, बॅटरी. ती फुगलेली असेल तर चार्ज करू नका, बदला. चार्जर मूळचा नसेल तर व्होल्टेज आणि अधिक-उणे बाजू तपासून घ्या. दुसरी, केबल. मशीन चालू ठेवून पिनेजवळ केबल हलवा, ताटलीवर बोटाने टकटक करा. आवाज तुटला किंवा कडकडला तर जोड सैल आहे. तिसरी, ताटली त्याच मशीनची आहे ना? दुसरी कुठलीही बसली म्हणून चालत नाही. आतलं सर्किट विशिष्ट कॉइलसाठीच जुळवलेलं असतं. चौथी, हवेतली चाचणी. ताटली लाकडी बाकावर ठेवा, हातातली अंगठी-घड्याळ काढा, मोबाईल लांब ठेवा. लाकडी काडीला दहाचं नाणं, मग खिळा, मग अंगठी चिकटवून किती अंतरावर आवाज येतो ते वहीत लिहा. पुढे कधी मशीन बिघडल्याची शंका आली तर हीच वही खरं सांगते.

मग स्वतःच्या शेतात या. मोटारीचा स्टार्टर, विजेच्या तारा, झटका कुंपण यांच्यापासून दूर. द्राक्षाच्या मांडवात किंवा टोमॅटोच्या तारांखाली हे मशीन निरुपयोगी आहे, चारी बाजूंनी धातूच. मोकळ्या जागी आवाजाची पातळी अशी लावा की जेमतेम ऐकू येणारी एकसारखी गुणगुण राहील. एक नाणं वीतभर खोल पुरा आणि त्याच्यावरून ताटली फिरवून कान तयार करा. फिरवायची हळू, जमिनीला समांतर, आणि मागचा पट्टा थोडा झाकत पुढे जायचं.

आता आपल्या मातीबद्दल. सह्याद्रीचा काळा दगड बेसाल्टचा, त्यात चुंबकीय खनिज भरपूर. साधी डिटेक्टर अशा जमिनीवर गोंधळतात, कारण ती सतत लहरी सोडत असतात. पल्सवालं झटका संपल्यावर ऐकतं, म्हणून तिथं ते सरस ठरतं. पण एक अपवाद आहे. काही अतिसूक्ष्म चुंबकीय कण झटका संपल्यावरही लगेच शांत होत नाहीत, मागे रेंगाळतात. तांबड्या मातीत ते असतात आणि भाजलेल्या मातीत तर जास्तच. विटभट्टीची जागा, जुनी चूल, खापराचा ढीग, इथं धातू नसतानाही मशीन कुजबुजतं.

ही कुजबुज म्हणजे नुसती अडचण नव्हे. 1960 च्या दशकात ऑक्सफर्डच्या पुरातत्त्व प्रयोगशाळेत पल्स यंत्रं जमिनीवर फिरवून बघितली, तेव्हा ती धातूशिवाय जुने खड्डे आणि भाजलेली माती यांनाही प्रतिसाद देतात हे दिसून आलं. म्हणजे ज्या आवाजाला आपण "खोटा" म्हणून खड्डा अर्धवट सोडून पुढे जातो, तिथं दोन हजार वर्षांपूर्वीची चूल असू शकते. आणि ती आपण फावड्याने फोडलेली असते.

जुन्नरमध्ये ही कल्पनेतली गोष्ट नाही. नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे, मानमोडीच्या लेण्यात नहपानाच्या अमात्याचा लेख आहे, गावाभोवती दीडशेहून अधिक लेणी आहेत. घाटातून चाललेल्या व्यापाराचं हे गाव. इथं शिशाचं एखादं नाणं निघालं तर धातू म्हणून त्याची किंमत फारशी नाही. ते कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी, किती खोल होतं, यातून इतिहास कळतो. उपसून, चिंचेने घासून खिशात टाकलं की ती माहिती कायमची गेली. परत पुरून ती मिळत नाही.

कायदाही समजून घ्या. संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवानगीशिवाय खणता येत नाही, आणि 2010 च्या दुरुस्तीने त्याभोवती 100 मीटरचा प्रतिबंधित व पुढे 200 मीटरचा नियंत्रित पट्टा आखला आहे. लेण्याद्री, शिवनेरीच्या आसपास मशीन घेऊन जाऊच नका. बाकी ठिकाणी 1878 चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हिस्साही जातो. कळवलं, आणि वस्तू बेवारस ठरली, तर शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसताना तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे, एक चतुर्थांश मालकाचे. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देण्याची तरतूद आहे. म्हणजे प्रामाणिक माणसाला कायद्यानं वाऱ्यावर सोडलेलं नाही.

आणि गुप्तधनासाठी पूजा, बळी, करणी सांगणारा कोणी मशीनच्या मागे आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न: डिंभ्याचं पाणी उतरलं की जुन्या आंबेगावच्या जागेवर फिरवलं तर?)

चांगला प्रश्न. ते गाव धरणात गेलं, पण तिथली माणसं आहेत. एखाद्या घराच्या पायाशी तांब्या निघाला तर त्याचा वारस आज दुसऱ्या गावात राहत असेल. तो बेवारस माल नाही. तिथं नको.

(प्रश्न: मग मशीन घेऊन करायचं तरी काय?)

अहो, पुष्कळ काम आहे! रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं, कुळवाची फास, मातीखाली गेलेला लोखंडी व्हॉल्व्ह, शेजारणीची लग्नातली अंगठी. लोखंड या मशीनला उत्तम ऐकू येतं. मालकाची परवानगी घ्या, वरची वीतभर माती हलक्या हाताने उकरा, खड्डा बुजवा. आणि कधी जुनं नाणं दिसलंच तर तिथंच थांबा. धुऊ नका, पुढे खणू नका, जागेवरच फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि कळवा.

मशीन "इथं काहीतरी आहे" म्हणतं. खणायचं की थांबायचं, हे आपण ठरवायचं.