गोळी आणि भिंत

भिंत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दगडविटांचे भक्कम काम उभे राहते. अमेरिकेतील बहुतेक घरांतल्या आतल्या भिंती मात्र लाकडी सांगाड्याला दोन्ही अंगांनी सुमारे अर्ध्या इंचाचे जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. त्या देशात स्वसंरक्षणासाठी घरी पिस्तूल बाळगण्याचा नागरिकाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केला. तेव्हा प्रश्न उरतो तो असा, की चोरावर झाडलेली गोळी चुकली, तर ती थांबणार कोठे?

पिस्तुलाची गोळी अशा अनेक भिंती सहज भेदून जाते. शरीरात शिरताच फुलावी म्हणून काही गोळ्यांच्या टोकाला पोकळी ठेवतात; पण त्या पोकळीत जिप्समचा भुगा भरला, तर ती गोळी न फुलता साध्या गोळीप्रमाणेच पुढे जाते. रायफलची हलकी, वेगवान गोळी पुष्कळदा भिंतीत कलंडते, फुटते आणि लवकर दुबळी होते. परंतु तिचाही भरवसा नाही. बंदुकीच्या बारीक छऱ्यांचा जोर लवकर ओसरतो खरा. मात्र ते हल्लेखोराला थोपवतीलच असे नाही, आणि जवळून झाडले तर तेही भिंत फोडतात.

याचे मर्म एकच. माणसाला रोखण्याइतका जोर ज्या गोळीत आहे, तिला तसली भिंत रोखू शकत नाही. काडतुसाच्या निवडीने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून मुले कोणत्या खोलीत निजतात, शेजाऱ्याचे घर कोणत्या बाजूस आहे, हे ध्यानी घेऊन गोळी कोणत्या दिशेला कदापि झाडावयाची नाही, ते आधीच ठरवून ठेवावे लागते.