खाडीकाठी भरती-ओहोटीचा पाठ

भिवंडी तालुक्यातील अंजूर गावापासून समुद्र दूर आहे. परंतु त्याचे पाणी उल्हास नदीच्या खाडीवाटे दिवसातून दोन वेळा या परिसरात येते. तेव्हा भरती-ओहोटीचा पाठ केवळ फळ्यावर न उरकता खाडीकाठी घ्यावा.

सहलीची वेळ तिथीवरून ठरवावी. तिथीची पाऊणपट केली असता किनाऱ्यावरील भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकणातील जुना आडाखा होय. अष्टमीस आठ पाऊण सहा, म्हणजे सुमारे ६ वाजता भरती. तेथून सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत ही वेळ काहीशी लांबते. शिवाय भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. म्हणून शिक्षकाने आदल्या दिवशी काठावर खुणांचा बांबू रोवून पाणी प्रत्यक्ष पाहावे. दुसऱ्या दिवशी तोच फरक मुलांना मोजावयास लावावा.

ओहोटीस तिवरांची श्वासमुळे, खेकडे व निवट्या दिसतात. मात्र खाडीचा चिखल फसवा असतो. वाळूप्रमाणे त्यावर पाय ठरत नाही. मुलांना कोरड्या काठावरच उभे करावे, जाता-येता संख्या मोजावी आणि पाणी वळताच निघावे. पाहणी अपुरी राहिली तर पुन्हा करता येईल. प्रत्येक मूल मात्र घरी सुखरूप पोचले पाहिजे.