भूक मोठी की मान?

उज्जैनच्या रामघाटावर क्षिप्रेचे स्नान आटोपून पायऱ्या चढू लागावे, तो एखादे पोर हात पसरून पुढे येते. पैसा द्यावा तर त्याच्या भिकेला आपणच खतपाणी घातल्यासारखे होते. न द्यावा तर ते उपाशी राहते. १९५४ साली आलेल्या ‘बूट पॉलिश’ या चित्रपटाचा विषय हाच आहे. राज कपूर यांची ही निर्मिती प्रकाश अरोरा यांनी दिग्दर्शित केली होती.

त्यातील जॉन चाचाची भूमिका केली ती डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांनी. ते मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचे. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून या ज्यू लोकांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. जॉन चाचा हे पात्र काही ज्यू नव्हे. तथापि त्याची शिकवण ज्यू धर्मशास्त्राला मुळीच परकी नाही.

हिब्रू भाषेत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ न्याय या अर्थाच्या धातूत आहे. बाराव्या शतकातील ज्यू शास्त्रकार मायमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची कोणती? तर कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन गरजूला स्वतःच्या पायावर उभे करणे. भोला आणि बेलू या पोरक्या भावंडांना काकू भीक मागावयास लावते. जॉन चाचा त्यांना कष्टाची भाकरी शिकवितो आणि मुले बूट पॉलिश करू लागतात.

पुढे पावसाळा येतो. बुटांना पॉलिश करून घेणारे कोणी उरत नाही. उपासमारीत कोणी एक नाणे फेकतो. भोला ते घेत नाही. भुकेली बेलू उचलते, तेव्हा तो तिला थप्पड मारतो. न्याय कोणाच्या बाजूस?

मायमोनिडीज म्हणतो, भर बाजारात मेलेल्या जनावराचे कातडे सोलावे, पण लोकांवर भार होऊ नये. येथे भोलाचा पक्ष बळकट होतो. परंतु तोच पुढे बजावतो की, वृद्ध, रोगी किंवा अत्यंत पीडित अशा ज्या माणसाला दानावाचून जगताच येत नाही, त्याने केवळ अभिमानाने ते नाकारले तर त्याला स्वतःच्याच रक्तपाताचा दोष लागतो. जीव वाचविण्यासाठी बहुतेक सारे धर्मनियम बाजूस ठेवावेत, असे ज्यू शास्त्र मानते. म्हणजे भोलाची प्रतिज्ञा योग्य, पण ती थप्पड योग्य नव्हे.

आणि दोष द्यावयाचाच तर तो नाणे फेकून पुढे गेलेल्या वाटसरूलाही द्यावा लागेल. कारण काम देणे ही वरची पायरी असली, तरी उपाशी पोराला प्रथम अन्नच हवे. घाटावरच्या पोराला आज जेवू घालावे. पण तेवढ्याने आपले ऋण फिटले असे मात्र समजू नये.