दुसरी रेघ

सराफाच्या पेढीवर जुनी बांगडी मोडायला गेलेल्या माणसाने तो काळा दगड पाहिलेला असतो. सराफ बांगडी दगडावर घासतो, पिवळी रेघ उमटते. नुसत्या त्या रेघेवरून मात्र त्यालाही फारसं सांगता येत नाही. म्हणून शेजारी तो ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याची दुसरी रेघ ओढतो, दोन्हींवर तेजाब फिरवतो आणि कुठली रेघ किती फिकी पडते ते बघतो. पहिल्या रेघेची पारख दुसरीमुळे होते.

घरच्या खोलीत गाणं मिक्स करणाऱ्याला अशीच दुसरी रेघ लागते. स्टुडिओच्या बोलीत तिला रेफरन्स ट्रॅक म्हणतात. कुणीतरी आधी उत्तम मिक्स केलेलं, आपल्याला पाठ झालेलं गाणं आपल्या गाण्याशेजारी पुन्हा पुन्हा लावून ऐकायचं. ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते. मला ती कळायला एक गाणं वाया घालवावं लागलं.

एका भावगीताचं मिक्स मी आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत तीन आठवडे करत होतो. टेबल खोलीच्या बरोबर मध्यावर मांडलेलं. डग्गा पोकळ वाटायचा, म्हणून रोज थोडा वाढवत गेलो. शेवटी समाधान झालं आणि मामेभावाच्या गाडीत गाणं लावलं. डग्ग्याने गाडीची दारं थरथरली. मागच्या सीटवरून मामी म्हणाली, “चाल छान आहे रे, पण ती म्हणतेय काय?” तिच्या त्या प्रश्नात माझ्या दोन्ही चुका होत्या. पहिली खोलीची आणि दुसरी, जी मला बरीच उशिरा उमगली, ती नमुना निवडण्याची.

खोलीचं आधी सांगतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतर असेल, तर ज्या लहरीची अर्धी लांबी तेवढीच भरते ती त्या दोन भिंतींत अडकून घुमते. हिशेब केला की उत्तर येतं सुमारे ५६ हर्ट्झ. अशा घुमणाऱ्या लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तिच्या दुप्पट, ११२ हर्ट्झवर चित्र उलटतं आणि मध्यावरच आवाज फुगतो. आपल्याकडच्या फ्लॅटमधली छतंही साडेनऊ-दहा फुटांची असतात. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारख्या झाल्या की तिन्ही दिशांचे घुमारे एकमेकांवर चढतात. डग्ग्याचा खर्ज याच शेजारात राहतो. मी जिथे खुर्ची टाकली होती, तिथे त्याचा तळ मला ऐकूच येत नव्हता आणि जे खोली खात होती ते मी फेडरने भरून काढत होतो. ५६ हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटरच्या वर असते. भिंतीला चिकटवलेल्या दोन इंची स्पंजला ती जुमानत नाही. गाद्या-रजयांनी भरलेलं कपाट कोपऱ्यात ठेवलं तर थोडाफार फरक पडतो.

रेफरन्स ट्रॅकचा खरा उपयोग इथे सुरू होतो. दगड एकच असल्यामुळे त्याचा जो काही दोष असेल तो दोन्ही रेघांना सारखा लागतो. माझ्या खोलीत डग्गा पोकळ वाटत असेल, तर पारखून घेतलेल्या गाण्यातला डग्गाही तिथे पोकळच वाटणार. तसा तो वाटला असता तर मी हात आवरला असता. जो सूर खोली पूर्ण गिळून टाकते तिथे मात्र तुलनाही आंधळी होते. तेव्हा खुर्ची भिंतीकडे दोन फूट सरकवायची किंवा तेवढ्यापुरता हेडफोन लावायचा.

दुसरा बेभरवशाचा साक्षीदार म्हणजे आपला कान. बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्याला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरून येतो. म्हणून एकच गाणं थोडं मोठ्याने लावलं की अधिक भरदार वाटतं, आणि भरदार ते चांगलं असा निवाडा मन देऊन टाकतं. बाजारात आलेलं गाणं मास्टरिंगमधून गेलेलं असतं, त्याची सरासरी पातळी एलयूएफएस या कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापात उणे ९पर्यंत असू शकते. घरचं कच्चं मिक्स उणे २०च्या आसपास रेंगाळत असतं. दहा डेसिबलचा फरक कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो. तसंच शेजारी लावून ऐकलं तर आपलं गाणं हरणारच, आणि घाबरलेला माणूस लिमिटर पिळायला लागतो. रेफरन्स आधी आपल्या मिक्सच्या पातळीपर्यंत खाली ओढला पाहिजे. ही पातळी मोजायला ‘आयटीयू-आर बीएस.१७७०’ हे आंतरराष्ट्रीय मानक २००६पासून आहे आणि त्यावर चालणारे मीटर आज फुकट मिळतात. एवढी एक पायरी चुकवली तर पुढची सगळी तुलना खोटी ठरते. आणखी एक चूक जवळपास प्रत्येक नवशिक्याकडून होते. रेफरन्सही आपल्याच मास्टर चॅनेलमधून, आपल्याच कॉम्प्रेसर-लिमिटरमधून वाजत राहतो. मग शेजारची रेघ शुद्ध सोन्याची उरत नाही. तिला थेट बाहेर जाणारी वेगळी वाट द्यायची. फाइलही मूळ दर्जाची हवी, फोनवरून फिरत आलेली नको.

कान थकतो आणि सरावतोही. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडियन यांनी सांगितलेली हकीकत ध्वनिमुद्रणाच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ या १९८२च्या अल्बममधल्या ‘बिली जीन’ची त्यांनी ९१ मिक्स केली आणि अखेर वापरलं दुसरं. स्वीडियनसारख्या माणसाचं हे होतं, तर आपण रात्री दोन वाजता बासरीची धार योग्य ठरवतो तेव्हा त्यावर सकाळपर्यंत विश्वास ठेवू नये. गायक मैफलीत तंबोरा मागे का ठेवतो? षड्ज त्याला ठाऊक नसतो म्हणून नव्हे, तर गाता गाता तो सरकू नये म्हणून. मिक्समध्येही कानाचा षड्ज सरकतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी दहा सेकंद रेफरन्स ऐकला की तो जागेवर येतो. त्या दहा सेकंदांत एकच गोष्ट ऐकायची. एकदा फक्त आवाज आणि पेटीमधलं अंतर, पुढच्या खेपेला फक्त ‘स’ आणि ‘श’ची धार, नंतर कधी रिव्हर्बची शेपटी किती लांब आहे ते.

आता नमुन्याच्या निवडीकडे येतो. मामीचा प्रश्न खरं तर इथलाच होता. मी त्या भावगीतासाठी निवडलेला नमुना एक गाजलेलं इंग्रजी पॉप गाणं होतं, निर्दोष मिक्स केलेलं. त्यात गायिकेचा आवाज ड्रम आणि बेसच्या कुशीत बसवलेला होता, आणि त्या संगीताला तेच शोभतं. मी निष्ठेने तेच केलं आणि कवितेचा गळा दाबला. यशवंत देवांनी ज्याला शब्दप्रधान गायकी म्हटलं, त्या परंपरेत शब्द वाद्यांच्या वर, एक पायरी पुढे उभा असतो. तबल्याचंही तसंच. शाईमुळे तबल्याच्या उपस्वरांचा मेळ बसतो आणि म्हणून तो स्वरात लागतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडलं. पाश्चात्त्य किक ड्रम नमुना धरला की ३०० ते ५०० हर्ट्झचा भाग कोरून काढायचा मोह होतो, कारण तिथे तो ड्रम खोक्यासारखा वाजतो. तबल्याचा स्वर तिथेच नांदतो. तो कोरला की उरते फक्त टकटक.

खर्ज ते तार असा ध्वनीचा तोल आपोआप जुळवून देणारे प्लगइन मिळतात, रेफरन्सची वर्णरेषा, म्हणजे कुठल्या हर्ट्झवर किती जोर आहे त्याचा आलेख, ते आपल्या गाण्यावर छापतात. मी ते वापरत नाही. नमुन्याची पट्टी काळी एक असेल तर त्याच्या बेसचा षड्ज ६९ हर्ट्झवर उंचवटा करणार. माझी पट्टी काळी चार असली तर माझा बेस ५२वर किंवा १०४वर आहे. यंत्र ६९ हर्ट्झला उचलतं, जिथे माझ्या गाण्यात काहीच नाही. लोकप्रिय गाण्यांच्या सरासरी वर्णरेषेचा अभ्यास झालेला आहे. १०० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान ती सप्तकामागे सुमारे ५ डेसिबलने उतरते, हे २०१३मध्ये ब्रिटन-अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांवरून मांडलं गेलं. अंदाज घ्यायला ती बरी आहे. पण ती गाणी आपली नाहीत, हे विसरू नये.

मग आपली कुठली घ्यायची? गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५पासून प्रसारित झालं. मध्यम लहरींच्या रेडिओवर जेमतेम पाचेक हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचायचा आणि तोही स्टिरिओ नव्हे, मोनो. तरी घराघरांत शब्दन्‌शब्द कळला, कारण व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्या मर्यादेच्या आत बसतो आणि वाद्यं आवाजासमोर आब राखून होती. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांतून मी शब्द आणि साथ यांचं अंतर घेतो. वरच्या पट्टीतली चकाकी तिथे शोधत नाही, ती तिथे नाहीच. ‘सैराट’ चित्रपटातल्या व्हायोलिनांचं वेड लागलेली मुलं मला भेटतात. ती सुरावट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खऱ्या वाद्यवृंदाने वाजवलेली आहे. त्या दालनाची हवा लॅपटॉपमधल्या नमुना-ध्वनींना ईक्यूने देता येत नाही. पण आवाज आला की व्हायोलिनं किती मागे सरतात, ते त्यातून नक्की शिकता येतं. म्हणजे एका गाण्याला एकच रेफरन्स पुरत नाही. शब्दासाठी एक, खर्जासाठी दुसरा, वाद्यांच्या पुढे-मागे असण्यासाठी तिसरा. आणि मोठं आहे म्हणून काही निवडू नये. मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम २००८मध्ये इतका दाबून काढला होता की ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममधली त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती चाहत्यांना अधिक आवडली.

एक अडचण तरीही उरते. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी तिला गोंधळाचं वर्तुळ म्हटलं. स्पीकर चांगला की वाईट ते आपण ध्वनिमुद्रण लावून ठरवतो, आणि ते ध्वनिमुद्रण कुठल्या तरी स्पीकरवरच घडवलेलं असतं. दुसरी रेघ शुद्ध आहे, हे कुणी ठरवलं? एमपी३ घडत असताना कार्लहाइन्ट्स ब्रान्डेनबुर्ग यांनी सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ कसोटीला घेतलं. साथीशिवायचा एकटा आवाज, दोष लपायला जागाच नाही. पण गायिका समोर कशी ऐकू आली असती, हे तिथेही फक्त ध्वनिमुद्रणावरूनच ताडायचं होतं.

मला सापडलेली वाट साधी आहे. ओळखीच्या एका गायिकेच्या घरी, त्यांच्या दिवाणखान्यात, मी त्यांचा तंबोरा ध्वनिमुद्रित केला. मग त्यांच्याच आवाजात चार ओळी, मग डग्ग्यावरचे घिस्से आणि तबल्याचा मोकळा ‘ना’. सगळं एकाच माइकवर, चार हातांवरून, कुठलंही यंत्र न लावता. ते सूर निघत होते तेव्हा मी तिथेच सतरंजीवर बसलो होतो, ते कसे होते हे माझ्या कानांनी पाहिलं आहे. चौदा मिनिटांची ती फाइल कुणाला ऐकवण्यासारखी नाही, मागे पंखा ऐकू येतो, मध्येच दारावरची घंटा वाजते. नव्या खोलीत, नव्या हेडफोनवर मी आधी ती लावतो. जवारी खरखरली की वरची पट्टी चढली आहे, ‘ना’ कोरडा पडला की मधला भाग गेला आहे, घिस्सा मध्येच तुटला की खोलीचा तो सूर मला सापडला. मग मामीने प्रश्न विचारला त्या गाण्याची जुनी फाइल उघडतो. त्याचं नवं मिक्स अजून चालू आहे.